गोदी ब्याड

डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं नाव
आमच्या वडगावात कुणाच्या जिभेवर बसेना.
सासूबाई म्हणाल्या, सिलियॅक म्हणजे गॅसच ना गं?
ओवा खा.
खाल्ला. ओवा घातलेली चपातीच खाल्ली आणखी दोन दिवस.

अडतीस वर्षं गहू पोटात जात होता
आणि पोटानं त्याला घरात घेतलंच नव्हतं म्हणे,
दारातच ठेवलं होतं उभं.
रक्त का नाही, हाडं का दुखतात,
केस का गळतात मोरीत मूठमूठ,
सगळ्याचं उत्तर परातीत होतं.

मग झडती.
शेवया, रवा, खारी, गोबी मंच्युरी – हे कळण्यासारखं.
पण हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं तनुजनं वाचली
तेव्हा मी मटकन खाली बसले.
हिंगात गव्हाचं पीठ!
म्हणजे ज्या आमटीला मी औषध समजत होते, ती.

ओट्याची डावी बाजू आता माझी.
वेगळा तवा, वेगळी चाळण,
उलथन्याला लाल दोरा.
तनुज म्हणाला, आई, आपल्या ओट्यावरपण सीमाप्रश्न.
हसले. आणि हसता हसता उजवीकडे जाऊन
तोंडाला पदर बांधून
त्यांच्या चपात्या लाटल्या, सोळा.
पोरांच्या डब्याला, यंत्रमागावर जाणाऱ्या भुजंगांना.
मऊ झाल्यात का, हे मला दुसऱ्यांना विचारावं लागतं.

शाळू निवडणं सोपं. दळणं अवघड.
तिसऱ्या गिरणीवाल्यानंही सांगितलं,
बाई, चिमूटभर गव्हानं काय मरतंय माणूस?
चन्नबसप्पांनी तसं विचारलं नाही.
माझं मोडकं कानडी शेवटपर्यंत ऐकून घेतलं
आणि म्हणाले, मंगळवारी बन्नी अक्का,
सातला, गहू पडायच्या आत.
सोमवारी गिरणी बंद. मंगळवारी ते जातं झाडतात,
स्वतःचे दोन मापं तांदूळ आधी दळतात,
ते पीठ म्हशीला.
मग माझा शाळू.
तांदळाचे पैसे विचारले तर पट्ट्याचा आवाज वाढवतात.

माझ्या डब्यावर त्यांनी निळ्या रंगानं काहीतरी लिहिलं.
महिनाभर मला वाटलं, माझंच नाव असेल.
तनुज शाळेत कानडी शिकतो, त्यानं वाचलं:
गोदी ब्याड.
गहू नको.
ज्या गावात पाट्यांच्या भाषेवरून काचा फुटतात
तिथे ही पाटी घेऊन मी बाजारातून चालत येते,
कडेवर.

पहिल्या भाकरी विरी गेलेल्या पिठासारख्या फाटल्या.
नंतर पाणी किती उकळायचं ते हाताला कळलं.
माहेरच्या जत्रेत वहिनी म्हणाली,
देवाची हुग्गी आहे, एक घास.
घेतला. रात्रभर देवानं काही विचारपूस केली नाही.
घरी येऊन राळे धुतले,
गूळ, वेलदोडा, खोबऱ्याचे काप,
तशीच शिजवली, त्याच कढईत नाही.
सासूबाईंनी वाटी संपवली,
काही न बोलता पुन्हा पुढे केली.
आता रविवारी सगळेच डावीकडचं जेवतात.
भुजंग म्हणतात, ठेच्याबरोबर चपाती तशीही शोभत नव्हती.
खोटं बोलतात. गोड बोलतात.

काल मंगळवारी माझ्या डब्याशेजारी
एक छोटा डबा होता, झाकणावर हत्तीचं चित्र,
खाली तीच निळी अक्षरं.
यारदु? मी विचारलं.
अनगोळचं पोर, चन्नबसप्पा म्हणाले. सहा वर्षांचं.
तिची आई रडत होती परवा.

दुपारी राळ्यांची पुडी बांधली.
तनुजनं वर कानडीत लिहिलं: तीनदा धुवा, पाणी तिप्पट.
खाली मी मराठीत तेच लिहिलं,
आणि हिंगाचं.
हिंगाचं दोनदा.